सईच्या मानसशास्त्राच्या पदवीविषयी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

बारावीनंतर पुण्यातच राहून मानसशास्त्रात बी.ए. करायचे सईने ठरवले आहे, हे फोनवर सांगितल्यापासून तुम्ही दोघे काळजीत आहात. बाबांचा प्रश्न होता की यातून नोकरी कसली लागते, आणि आईचा प्रश्न होता की ही आता वेड्यांची डॉक्टर होणार का. रत्नागिरीत मनोरुग्णालय असल्यामुळे आपल्याकडे हा विषय निघाला की बोलणे तिकडेच वळते. सईने आणि मी मिळून चार वर्षांचा जो आराखडा केला आहे तो कळल्याशिवाय या प्रश्नांची उत्तरे पुरी होत नाहीत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आईच्या शंकेचे निरसन आधी करते. औषधे लिहून देणारे मनोविकारतज्ज्ञ एम.बी.बी.एस. होऊन मग त्या विषयात एम.डी. करतात; सईची वाट ती नाही. रुग्णांची तपासणी आणि मानसोपचार करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मात्र मानसशास्त्रातूनच तयार होतात. त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि ती नुसत्या बी.ए.वर मिळत नाही. आजवर त्यासाठी एम.ए.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. करण्याची रीत होती, परंतु 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच मोडीत काढल्यामुळे ही वाट नव्याने आखली जात आहे. अशा वेळी सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने 'मी क्लिनिकलच करणार' किंवा 'ते कधीच करणार नाही' असे आजच जाहीर करण्यात मला शहाणपण दिसत नाही. पदवीची वर्षे अशी आखावी की ती वाट खुली राहील आणि शाळेतील समुपदेशन, कंपन्यांमधील मनुष्यबळ विभाग किंवा संशोधन यांपैकी काही आवडले तर तिकडेही वळता येईल, एवढाच आमचा हेतू आहे.

बाबा, मुक्त शिक्षणातून पदवी घ्यावी आणि सोबत बँकेच्या परीक्षा द्याव्यात, ही तुमची सूचना खर्चाच्या दृष्टीने रास्त होती. परंतु विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025च्या जुलै-ऑगस्टमधील प्रवेशांपासून मानसशास्त्र दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवण्यास मनाई केली आहे. मला तो निर्णय पटतो, कारण हा विषय नुसत्या वाचनाने येत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली लायप्झिगला प्रयोगशाळा काढली तेव्हापासून तो प्रयोगाचा विषय आहे. त्यांच्याच काळातल्या एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने तर निरर्थक शब्दखंड स्वतःच पाठ करून माणूस किती वेगाने विसरतो हे मोजले आणि 1885 साली ते प्रसिद्ध केले. सईलाही असे प्रयोग करावे लागतील: टोकांना उलटसुलट बाण काढले की सारख्याच लांबीच्या दोन रेघा लहानमोठ्या का दिसतात, किंवा आरशात पाहून चांदणी गिरवताना हात सुरुवातीला कसा चुकतो आणि सरावाने कसा सुधारतो. दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने प्रयोगकर्ता व्हायचे, दुसऱ्याने प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, व्हायचे, नोंदी घ्यायच्या आणि जर्नल म्हणजे प्रयोगवही लिहायची. माझ्या मते तिचे खरे शिक्षण या जर्नलातच होईल. माणसांविषयी आपली मते आपण सगळेच बेधडक सांगत असतो. ती तपासून पाहायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

याच कारणासाठी संख्याशास्त्र टाळायचे नाही, असे मी तिला निक्षून सांगितले आहे. गणितापासून सुटका व्हावी म्हणून कला शाखेकडे आलेली मुले मध्यमान, प्रमाण विचलन आणि सहसंबंध दिसले की गडबडतात, आणि पुढे एम.ए.ला किंवा संशोधनाला गेल्यावर तिथेच अडतात. ते प्रकरण पाठांतराने कसेबसे पार पाडण्यापेक्षा पहिल्याच वर्षी त्याचा पाया पक्का करावा, असा माझा आग्रह आहे. बाबा, इतकी वर्षे शाळेत गणित शिकवलेले आजोबा घरात असताना तिने यासाठी क्लास लावावा, हे मला तरी पटत नाही. मे महिन्यात तिला तुमच्याकडे पाठवत आहे.

त्याच राष्ट्रीय धोरणातून आलेल्या पदवीच्या नव्या रचनेत मानसशास्त्र हा मुख्य विषय राहील आणि त्याबरोबर एक दुय्यम विषय घ्यावा लागेल. खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यायचा असतो, याचा फायदा घेऊन महाविद्यालयात मानवी शरीराशी किंवा जीवशास्त्राशी संबंधित काही उपलब्ध असेल तर ते तिने घ्यावे, कारण मेंदू आणि मज्जासंस्था तिला पुढे चुकणार नाहीत. भाषेच्या क्रेडिटसाठी (क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेले श्रेयांक) मी मराठीच सुचवली आहे. तिच्या मैत्रिणी यावर हसल्या, परंतु ज्यांच्याशी तिला पुढे बोलायचे आहे त्यांतले कितीतरी जण आपले दुःख मराठीतच सांगणार आहेत. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिमत्ता चाचणी आपल्याकडच्या व्ही. व्ही. कामत यांना मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बसवावी लागली होती. परक्या भाषेतल्या प्रश्नांनी आपल्या मुलांची बुद्धी मोजता येत नाही.

चौथ्या वर्षाच्या खर्चाविषयी बाबांनी विचारले होते. आपल्या राज्यात एका सेमिस्टरला साधारण 22 क्रेडिट असतात. तीन वर्षांत 132 झाले की पदवी मिळते आणि चौथे वर्ष केले की 176 क्रेडिटची ऑनर्स पदवी मिळते. तीन वर्षांनंतर एम.ए.ला दोन वर्षे लागतात, ऑनर्सनंतर ते एका वर्षात होऊ शकते, म्हणजे एकूण वर्षे तितकीच भरतात. पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते, आणि तिने ते मनात धरावे असे मला वाटते. मात्र पुढच्या क्लिनिकल अभ्यासक्रमांना एका वर्षाचे एम.ए. चालते की नाही, हे तिसऱ्या वर्षाच्या आत विचारून घ्यावे लागेल. चालत नसेल तर तीन वर्षांवर थांबून दोन वर्षांचे एम.ए. केलेले बरे.

दुय्यम विषयाचे मात्र आमचे अजून एकमत होत नाही. सईला इंग्रजी साहित्य हवे आहे. मला समाजशास्त्र अधिक उपयोगाचे वाटते, कारण कर्ज, दारू, सासर आणि बेकारी यांना वगळून माणसाच्या मनाचा विचार करणे मला अपुरे वाटते. फॉर्म भरायला अद्याप अवधी आहे. तुम्ही दोघे तिच्याशी बोला आणि काय वाटते ते मला कळवा. तिने माझे ऐकले नाही तरी चालेल, पण तिची कारणे तुमच्यासमोर तिला नीट मांडता आली पाहिजेत.

आईच्या गुडघ्याचे तेल कुरिअरने पाठवले आहे. कळावे, लोभ असावा.

तुमची,
वृंदा