दोन सर्व्हर घेतलेत, पण नाडी बघणारी स्क्रिप्ट कोणी तपासली?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात दाखल्यासाठी एका सरकारी कचेरीत गेलो होतो, फोंड्याहून पणजीला, भर पावसात, आणि काउंटरवर नेहमीची पाटी, सर्व्हर डाऊन आहे. रांगेत माझ्या पुढचे काका म्हणाले, अरे यांनी दोन दोन सर्व्हर घेतलेत ना, एक पडला की दुसरा आपोआप चालू होतो म्हणे, मग दोघं एकदम कसे झोपले? सगळे हसले, मीपण हसलो, पण माझं पोट असल्याच मशीनवर चालतं, लिनक्सचे (सर्व्हरवर चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम) क्लस्टर, म्हणजे एकमेकांची जागा घेणारे सर्व्हरचे गट, सांभाळतो मी, त्यामुळे काकांचा प्रश्न घरी येईपर्यंत डोक्यात राहिला. त्या कचेरीचं सोडा, माझीच एक फजिती सांगतो, त्यातून दोघं एकदम कसे झोपतात ते कळेल.

दोन मशीन घेतली की काम झालं असं लोकांना वाटतं. मशीन काय, पैसे टाकले की येतात. पण पहिल्यावरचं काम थांबलंय हे दुसऱ्याला कळणार कसं? लिनक्सवर यासाठी कोरोसिंक आणि पेसमेकर ही जोडी खूप ठिकाणी वापरतात. मशीन एकमेकांना दिसतायत का ते कोरोसिंक बघतो, आणि कुठं काय चालवायचं ते पेसमेकर ठरवतो (हृदयात बसवतात त्याचंच नाव, आणि याच्या आधीच्या सॉफ्टवेअरचं नाव तर हार्टबीट होतं). पण डेटाबेस म्हणजे काय, वेबसाइट म्हणजे काय, यातलं पेसमेकरला स्वतःला काहीच कळत नाही. प्रत्येक सेवेसाठी एक छोटी स्क्रिप्ट लागते, तिला रिसोर्स एजंट म्हणतात. पेसमेकर तिला सांगतो चालू कर, बंद कर, आणि मधूनमधून दर काही सेकंदांनी विचारतो, जिवंत आहे का बघ. स्क्रिप्टचं उत्तर आकड्यात येतं. ० म्हणजे चालू आणि ठीक. ७ म्हणजे बंद आहे, पण सरळ बंद. १ म्हणजे काहीतरी बिघडलंय.

आता माझी फजिती. वेर्ण्याच्या एका कारखान्यासाठी मी अशी एजंट लिहिली होती, नवीन होतो, घाईत होतो, आणि सेवा सापडली नाही तर १ परत दे असं लिहून टाकलं, ७ च्या जागी. मला वाटलं बंद म्हणजे बंद, आकड्यानं काय होतंय. दुसरं मशीन क्लस्टरमध्ये जोडलं की पेसमेकर आधी तिथं प्रत्येक सेवेची एकदा चौकशी करतो, ही इथं आधीच चालू नाही ना? तिथं काहीच चालू नव्हतं, पण माझी स्क्रिप्ट म्हणाली १, बिघडलंय. पेसमेकरनं अर्थ लावला की सेवा दोन्हीकडे चालू आहे आणि एकीकडे आजारी आहे, म्हणून त्यानं दोन्हीकडे बंद करायला सांगितलं. म्हणजे पहिल्या मशीनवरचा धडधाकट डेटाबेस पण बंद! त्यात भर म्हणजे माझं बंद करायचं कोड, जे चालूच नाही ते बंद करायला सांगितलं तर एरर द्यायचं, खरं तर आधीच बंद असेल तर ० द्यायचा असतो. बंद होत नाही म्हटल्यावर क्लस्टरनं दुसऱ्या मशीनची पॉवरच कापली. नवीन मशीन जोडल्यामुळे जुनं काम थांबलं, भर दुपारी, आणि मी तिथं चहाचा कप हातात घेऊन उभा.

ही पॉवर कापायची भानगड काय ते पण सांगतो, कारण खर्च वाचवायचा म्हणून नेमकं हेच बंद करून ठेवणारे मी पाहिलेत. याला फेन्सिंग म्हणतात. आपल्याकडच्या जत्रेतलं नाटक घ्या. राजाचं काम करणारा बाणस्तारीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकला, फोन लागत नाही, म्हणून दुसऱ्याला रंगवून स्टेजवर ढकलला. तेवढ्यात पहिला पोचला आणि दुसऱ्या विंगेतून तोपण राजा म्हणून आत. एका सिंहासनावर दोन राजे, प्रेक्षक हसून जातील, पण एकाच डिस्कवर दोन सर्व्हर लिहायला लागले तर डेटाची माती होते. रस्ता खणताना दोघांमधली केबल तुटली की नेमकं हेच, दोघांनाही वाटतं समोरचा मेला. म्हणून दुसऱ्याला पुढं काढायच्या आधी पहिला नक्की बंद आहे याची खात्री करायची, म्हणजे सरळ त्याची वीज तोडायची. आणि कोणी कोणाला बंद करायचं हे ठरवायला तिसऱ्या मशीनचं मत पण हवं, ३ पैकी २ ज्याच्या बाजूला तो चालणार. दोघांत मतदान कसलं?

बरं, एजंटचे आकडे बरोबर असले तरी ती बघते काय हा प्रश्न उरतोच. बऱ्याच स्क्रिप्ट फक्त प्रोसेस (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) आहे का तेवढं बघतात. डिस्क भरली, एक ओळ लिहून होत नाही, तरी प्रोसेस जागी असते आणि क्लस्टर म्हणतो सगळं ठीक. दुकान उघडं आहे पण आत कोणी उठून विचारत नाही, तसं. मग हुशार माणूस काय करतो, तपासणीतच एक मोठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, घालतो. तीही अडचणच. पेसमेकरमध्ये वेगळं काही सांगितलं नाही तर २० सेकंदांत उत्तर यावं लागतं. फॉर्म भरायची शेवटची तारीख, सगळा गोवा एकाच वेळी साइटवर, क्वेरीला २५ सेकंद लागली, झालं, राबणाऱ्या डेटाबेसला मेलेला ठरवून पेसमेकर बंद करतो. गर्दीच्याच दिवशी सर्व्हर का पडतो याचं एक उत्तर हे पण आहे. त्यापेक्षा हलकी तपासणी दर १० सेकंदांनी आणि खोल तपासणी दोन-चार मिनिटांनी, वेगळ्या टाइमआऊटनं (उत्तरासाठी थांबायची मुदत), अशी सोय एजंटमध्ये करता येते, फक्त लिहिणाऱ्यानं ती करायला हवी.

टेंडरमध्ये रॅम किती, डिस्क किती, ९९.९ टक्के अपटाइम (म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद चालेल, हेपण कोणी हिशोब करून बघत नाही) असं सगळं असतं. त्यात एवढं अजून घाला, तपासणी नेमकं काय बघते ते लेखी द्या, आणि ताबा घ्यायच्या आधी आमच्या डोळ्यांदेखत डेटाबेस मारून दाखवा, केबल उपटून दाखवा, डिस्क भरून दाखवा. शनिवारी कचेरी बंद असताना अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि चवथीच्या आधी झालं तर बरं, कारण सुट्टीत फोन उचलायला कोणी नसतं.

माझा दाखला अजून मिळालेला नाही. सोमवारी परत जातोय, काका भेटले तर त्यांना हे कात्रण देईन.

आपला,
एक वाचक, फोंडा