चिचेन इत्झाच्या सहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे कार्यालय

विषय: कानकून ते चिचेन इत्झा (माया लोकांच्या प्राचीन नगरीचे अवशेष) व सेनोटे (चुनखडीतली नैसर्गिक विहीर), एकदिवसीय सहल (12 फेब्रुवारी). कबूल केलेल्या गोष्टी न मिळाल्याने निम्मे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही चौघं मेक्सिकोला गेलो होतो. त्यातली ही एका दिवसाची सहल तुमच्याकडून माणशी 9,500 रुपये भरून घेतली, कारण तुमच्या पत्रकात 'अवशेषांमध्ये पूर्ण तीन तास' असं ठळक छापलं होतं.

माझे सासरे, म्हणजे बाबा, गणिताचे निवृत्त शिक्षक. माया लोकांची वीसच्या पटीतली मोजणी आणि शिंपल्यासारखं शून्य यांचं त्यांना भारी वेड. तिथल्या पिरॅमिडच्या चार बाजूंच्या प्रत्येकी 91 पायऱ्या आणि वरची एक, मिळून वर्षाच्या दिवसांइतक्या 365, हा हिशेब त्यांनी विमानातच आम्हाला वहीत मांडून दाखवला होता. त्यांना सगळ्यात जास्त पाहायची होती ती 'एल काराकोल' ही गोल वेधशाळा. ती पाहायची राहिली. का राहिली, ते सांगते.

सकाळी सात वाजता बस निघाली. साडेनऊला ती थांबली ती एका दुकानापाशी. पत्रकात या थांब्याचा उल्लेखही नाही. तिथे सत्तर मिनिटं चांदीची पदकं, काळ्या काचदगडाचे मुखवटे आणि 'तुमचं नाव माया लिपीत' असं सगळं आमच्या गळ्यात मारायचा प्रयत्न चालला होता. स्वच्छतागृहाची वाटही त्या काउंटरांमधूनच जाणारी!

अवशेषांपाशी पोचलो तेव्हा कानकूनच्या घड्याळाने सव्वाअकरा झाले होते. तिकिटांच्या रांगेतून आत गेल्यावर गाइडने पिरॅमिडसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिरकण्यासारखा प्रतिध्वनी येतो, तो खरोखर आला. मग ते म्हणाले, "साडेबाराला बसमध्ये या," आणि निघून गेले. साडेबारा कोणत्या घड्याळाचे, हे मात्र सांगितलं नाही. कानकून किंताना रू राज्यात येतं आणि चिचेन इत्झा युकातान राज्यात. युकातानचं घड्याळ एक तास मागे असतं. आमच्या फोनवरची वेळ आपोआप बदलली होती. बाबांनी माया लोकांच्या चेंडूखेळाच्या मैदानाची लांबी (168 मीटर) पावलांनी मोजली, आणि आम्ही सावकाश वेधशाळेच्या वाटेला लागलो, कारण फोनप्रमाणे हाताशी अजून तास होता. आमच्या फोनवर साडेअकरा वाजून पाच मिनिटं झाली, म्हणजे कानकूनचे बारा पस्तीस, आणि तुमच्या गाइडचा फोन: बस सुटतेय, लगेच या. 74 वर्षांचा माणूस त्या उन्हात विक्रेत्यांच्या गर्दीतून धावत आला. रोज हाच रस्ता करणाऱ्या कंपनीला हा एका तासाचा फरक ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. तीन तासांचा सव्वा तास झाला, तोही रांगेसकट.

पत्रकातल्या आणखी दोन गोष्टी. 'पिरॅमिडच्या माथ्यावरून जंगलाचं दृश्य': पिरॅमिडवर चढायला बंदी येऊन पंधरा वर्षांहून जास्त काळ लोटला. 'पायऱ्यांवरून उतरणारी नागाची सावली': ती दिसते मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे, तीही दुपार कलल्यावर. फेब्रुवारीत, भर दुपारी आत जाणाऱ्यांना ती दाखवायचं आश्वासन कशाच्या आधारावर दिलंत?

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. 'शुद्ध शाकाहारी' म्हणून वाढलेला काळा घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला होता. सासूबाईंनी विचारलं म्हणून कळलं. त्या दिवसभर केळ्यांवर राहिल्या.

आणि सेनोटे. तुम्ही 'नैसर्गिक जलतरण तलाव' छापलंत, म्हणून आम्ही उथळ डोह समजून गेलो. प्रत्यक्षात इक किल नावाचा हा सेनोटे म्हणजे चुनखडीचं छत कोसळून उघडी पडलेली प्रचंड विहीर. पाणी जमिनीपासून सुमारे 26 मीटर खाली, आणि तिथून पुढची खोली चाळीस मीटरहून जास्त. उतरायला ओल्या पायऱ्या. गुडघेदुखी असलेल्या माणसाला हे आधी कळायला नको? सासूबाई वरच्या कठड्याशी बसून राहिल्या. उतरण्याआधी अंघोळ सक्तीची आणि उन्हाचं क्रीम लावून पाण्यात जायचं नाही, हेही तिथे गेल्यावरच समजलं. सकाळी बसमध्ये ते क्रीम फासायला तुमच्याच गाइडने सांगितलं होतं! धुण्यातच दहा मिनिटं गेली. पाण्यात मिळाली वीस. वरून लोंबणाऱ्या मुळ्या, गार निळं पाणी, मधोमध पडलेला उन्हाचा कवडसा. त्या वीस मिनिटांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ड्रायव्हरकाकांबद्दलही नाही, त्यांनीच सासूबाईंना वर खुर्ची आणून दिली.

माझी मागणी अशी: चौघांच्या 38,000 रुपयांपैकी निम्मे, म्हणजे 19,000 रुपये, पंधरा दिवसांत खात्यात जमा करावेत. दुकानाचा थांबा आणि तिथला वेळ पत्रकात छापावा, वेळा युकातानच्या घड्याळाने द्याव्यात, आणि चढाईचं व सावलीचं वाक्य काढून टाकावं. तुमच्या कार्यालयातून फोनवर मला 'पुढच्या सहलीत दहा टक्के सवलत' देऊ केली गेली. ती नको आहे.

मुदतीत उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि सदोष सेवा यांबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करेन. 1915 या हेल्पलाइनवर तक्रार आधीच नोंदवली आहे.

सोबत: पत्रकाची प्रत, पैसे भरल्याची पावती, दुकानाच्या दारातले आणि अवशेषांमधले वेळ दिसणारे फोटो, आणि बाबांच्या वहीतलं एक पान. त्यावर वर 'एल काराकोल' असं लिहून खाली चित्रासाठी जागा सोडली आहे. ती तशीच आहे.

आपली,
(सही)
चौघांच्या वतीने