'सिंड्रेला'ची रेकॉर्ड आधी, प्रक्षेपण नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी रचलेल्या संगीतिकांवरचा लेख वाचला. संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हॅमरस्टाइन या जोडीच्या १९५७ च्या 'सिंड्रेला'ची मराठी वृत्तपत्रात दखल घेतली गेली, याचा मनापासून आनंद झाला. मात्र तिच्या एलपी रेकॉर्डची बोळवण लेखात एका ओळीत झाली आहे. प्रक्षेपण गाजले आणि मग त्यातली गाणी रेकॉर्डवर उतरवली गेली, असा त्या ओळीचा अर्थ होतो. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलट.

'सिंड्रेला' सीबीएस वाहिनीवर ३१ मार्च १९५७ रोजी, रविवारी रात्री दाखवली गेली. रेकॉर्डसाठीचे ध्वनिमुद्रण त्याआधीच, १८ मार्चला, उरकलेले होते. ते केले कोलंबिया रेकॉर्ड्सने, म्हणजे सीबीएसच्याच मालकीच्या कंपनीने. प्रक्षेपण थेट होते. न्यूयॉर्कच्या स्टुडिओत कलाकार त्या क्षणी जे गात होते, तेच घरोघरी ऐकू येत होते. म्हणजे रेकॉर्डवरचे गाणे आणि प्रक्षेपणातले गाणे हे एकाच संचाचे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत. बालगंधर्वांची तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी आणि वन्समोर घेत रंगलेले त्यांचे रंगमंचावरचे पद यांना आपण एकच मानत नाही, तसेच हे.

रविवारच निवडला जाण्यामागे व्यावहारिक सोय होती. नायिका ज्युली अँड्र्यूज तेव्हा ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'माय फेअर लेडी'त आठवड्याला आठ प्रयोग करत होती. परीची भूमिका करणारी एडी अ‍ॅडम्सही दुसऱ्या एका ब्रॉडवे संगीतिकेत गुंतलेली होती. रविवारी नाट्यगृहे बंद असत. एवढ्या धावपळीतून वेळ काढून या मंडळींनी रेकॉर्डसाठी वेगळे गायले, याचे श्रेय त्यांना मिळायला हवे.

तो कार्यक्रम दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला, असा तेव्हाचा अंदाज आहे. प्रक्षेपण रंगीत होते. पण रंगीत चित्रफितीचे तंत्र अजून हाताशी आलेले नव्हते, त्यामुळे ते रंग त्या रात्रीबरोबरच गेले. मागे उरली ती कृष्णधवल किनेस्कोप फिल्म. मॉनिटरच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून केलेले हे चित्रण असते, त्यामुळे चित्र धूसर दिसते आणि आवाजही दबलेला येतो. तीसुद्धा डीव्हीडीच्या रूपाने सर्वसामान्य रसिकांच्या हाती पडली २००४ मध्ये. मधली जवळपास सत्तेचाळीस वर्षे, ज्यांना ती मूळ 'सिंड्रेला' अनुभवायची होती, त्यांच्यासाठी होती ती ही रेकॉर्डच.

आणि रेकॉर्डवर जे आहे ते प्रक्षेपणात कधीच नव्हते. १८ मार्चचे ध्वनिमुद्रण मोनोबरोबरच (सगळा आवाज एकाच वाटेने) स्टीरिओतही (डावा-उजवा आवाज वेगळा) झाले. मोनो आवृत्ती १९५७ मध्ये निघाली आणि स्टीरिओ १९५८ मध्ये. तेव्हाच्या टीव्ही संचाचा लहानसा स्पीकर आठवा. रॉबर्ट रसेल बेनेट यांनी बांधलेला वाद्यमेळ त्यातून कितीसा पोचला असेल? रेकॉर्ड लावली की आल्फ्रेडो अँतोनिनी यांच्या हाताखालचा तोच वाद्यवृंद खोलीभर पसरतो. राजवाड्यातल्या नृत्याच्या वॉल्ट्झमध्ये तंतुवाद्ये एकेक करून वेगळी काढता येतात. किनेस्कोपमध्ये त्यांचा नुसता कालवा होतो.

'इन माय ओन लिटल कॉर्नर' हे गाणे दोन्हीकडे ऐकून पाहावे. चुलीपाशी बसलेली मुलगी मनाने जगभर हिंडते. नॉर्वेची राजकन्या काय होते, गवळण काय होते, आफ्रिकेत शिकारीला काय जाते. बंदूक घरीच विसरल्याचे तिच्या लक्षात येते आणि समोर सिंहीण उभी ठाकते, तेव्हा आपल्या खुर्चीत सुखरूप परत आल्याचा तिला केवढा दिलासा वाटतो! चित्रात हे सारे चेहऱ्यावर दिसते. रेकॉर्डवर दाखवायला चेहरा नाही. अँड्र्यूज हे सगळे उच्चारावर पेलते. शब्दाचा शेवटचा व्यंजन ती असा स्वच्छ सोडते की गमतीची जागा आपसूक कळते आणि सूर कुठेही हलत नाही. 'अ लव्हली नाइट'मध्ये सिंड्रेला, कालची मेजवानी कशी असेल याची आपण नुसती कल्पना करतोय असे भासवत ती रात्र उभी करते आणि हळूहळू सावत्र आई आणि बहिणीही त्यात ओढल्या जातात. चार बायकांच्या चार तऱ्हांचे आवाज एकमेकांत मिसळतात. तो खेळ फक्त कानांनी ऐकताना जास्त कळतो, असे माझे स्पष्ट मत आहे. के बॅलार्ड आणि अ‍ॅलिस घोस्टली या दोघी सावत्र बहिणींचे मत्सराने जळणारे द्वंद्वगीतही तसेच. गोडव्याच्या या गाण्यांमध्ये तो ठेचा हवाच होता.

रेकॉर्डमध्ये संवाद नाहीत. कथा ठाऊक नसणाऱ्याला दुवे जुळवावे लागतात, ही उणीव मान्य. १९६५ ची लेस्ली अ‍ॅन वॉरनची नवी आवृत्ती रंगीत चित्रफितीवर जपली गेली आणि तिचीही रेकॉर्ड निघाली. १९९७ च्या आवृत्तीबाबत मात्र हळहळ वाटते. ब्रँडी सिंड्रेला, व्हिटनी ह्यूस्टन परी, बर्नाडेट पीटर्स सावत्र आई. असे गळे एकत्र आले, कोट्यवधी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, आणि त्या संचाची अधिकृत रेकॉर्ड निघालीच नाही. कारण ब्रँडी आणि ह्यूस्टन वेगवेगळ्या रेकॉर्ड कंपन्यांशी बांधलेल्या होत्या. चित्र आपल्याकडे आहे, ते कुणीही पाहावे. पण फक्त ऐकण्यासाठी, आवाजाच्या अंगाने घडवलेला प्रयोग त्या मंडळींकडून झाला नाही, आणि ह्यूस्टन गेल्यानंतर तो होणेही नाही.

म्हणून एक विनंती. पुढच्या अंकात दुरुस्ती छापताना ध्वनिमुद्रणाची तारीख, संगीत संचालक आणि वाद्यमेळकार यांची नावे द्यावीत. आणि यापुढे अशा लेखांसोबत रेकॉर्डचा परिचय स्वतंत्र चौकटीत द्यावा. आज ही गाणी मोबाइलवर सहज मिळतात. आपण काय ऐकतो आहोत आणि ते कधी गायले गेले, हे वाचकाला आपल्या पुरवणीतून कळावे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे