मुंडकार कायदा उलगडून सांगणाऱ्या भाईंना

आदरणीय भाई,

सादर नमस्कार. वाचनालयाची स्मरणिका छापून आली. शशिकला काकोडकरांवरचा माझा लेख लोकांना आवडलेला दिसतो. त्या कौतुकातला मोठा वाटा तुमचा आहे आणि तो चारचौघांत सांगायला हवा, म्हणून हे पत्र उघडे लिहिते आहे.

सनावळी माझ्याकडे होती. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची कन्या, 1972च्या निवडणुकीनंतर राज्यमंत्री, 12 ऑगस्ट 1973 रोजी भाऊ गेले तेव्हा वय अडतीस, आणि मग गोव्याच्या पहिल्या, आजवरच्या एकमेव, महिला मुख्यमंत्री. हे कुठेही मिळते. मला हवे होते ते वेगळे: ताई सभागृहात होत्या म्हणून गावातल्या माणसाचे काय बदलले? मामलेदार कचेरीत आयुष्य काढलेल्या तुमच्याइतके ते कोण सांगणार?

तुम्ही 1975चा मुंडकार कायदाच पुढ्यात ठेवलात. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेला मुंडकार, त्याच्या माडांची राखण करणारा, हाकेसरशी कामाला धावणारा. ‘घर आमचें, जमीन तांची,’ असे ती माणसे सांगायची म्हणालात. भाटकाराची मर्जी फिरली की पोराबाळांना घेऊन जायचे कुठे, ही धास्ती कायम. मत कोणाला द्यायचे तेही पुष्कळदा त्या धास्तीवरच ठरायचे. कायद्याने त्याला मनमानी पद्धतीने उठवायला बंदी केली, मुंडकारांची नोंदवही आणली आणि घर भोवतालच्या जमिनीसह विकत घेण्याचा हक्क दिला. पंचायत भागात तीनशे चौरस मीटरपर्यंत. घरपट्टीच्या जुन्या पावत्या पिशवीत घालून सुनावणीला येणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल तुम्ही बोलत होता तेव्हा मी लिहून घ्यायचे थांबून नुसती ऐकत बसले होते. 1976ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी, तीही याच काळातली. तिच्यावर तुम्हाला तासभर बोलायचे होते, पण माझ्याकडे पाने नव्हती!

आणि कौतुकाच्या भरात तुम्ही वाहवत गेला नाहीत, याचे विशेष आभार. कायदा झाला तरी मुंडकारांची प्रकरणे आजही मामलेदारांकडे पडून आहेत, हे तुम्हीच लिहायला लावलेत. 1979 सुद्धा. 1977 साली तीस जणांच्या विधानसभेत ताईंच्या मगोला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला, पंधरा जागा, म्हणजे नेमक्या अर्ध्या. पक्षातलेच आमदार फुटले आणि 27 एप्रिल 1979 रोजी ताईंची मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द संपली. आपल्याकडे गौरवलेखात असल्या गोष्टी ‘पुढे काही राजकीय घडामोडी झाल्या’ म्हणून उरकतात. तुम्ही तसे उरकू दिले नाहीत. पुढे त्या काँग्रेसमध्ये गेल्या, बाहेर पडल्या, भाऊंच्या नावाने वेगळा पक्ष काढला, पुन्हा मगोत आल्या. हे मात्र मी दोन ओळींत संपवले. मला त्यात फारसा रस वाटला नाही, खरे सांगते.

रस वाटला तो शाळांच्या माध्यमात. 1990 मध्ये शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोंकणीसारख्या भारतीय भाषांच्या शाळांना, हे धोरण त्यांच्या काळातले. वीस वर्षांनी इंग्रजी शाळांनाही अनुदान द्यायचे ठरले तेव्हा त्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाकडून रस्त्यावर उतरल्या. 1967च्या जनमत कौलात ताईंचे घर गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूचे, तर कोंकणी लेखक उदय भेंब्रे विरोधकांतले. मंचात दोघेही एकत्र. ‘हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही,’ असे तुम्ही बजावलेत. छापून आल्यावर सर्वांत जास्त फोन याच परिच्छेदावर आले. एका मराठीवादी काकांनी रागावून केला तोही त्यात धरला आहे.

वहिनींनी प्रत्येक बैठकीला चहाबरोबर फेणोरी ठेवली, त्यांनाही नमस्कार सांगा. स्मरणिकेच्या दोन प्रती सोबत आहेत, एक तुमच्या मुंबईच्या मुलासाठी. कूळ कायद्याचा तो राहिलेला तास मी विसरलेले नाही. चवथीची धावपळ सरली की वही घेऊन येते.

आपली,
वाचनालयातली तुमची विद्यार्थिनी
डिचोली