'डिप्रेशनचं जनुक' विकणाऱ्यांना आकडा विचारा

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

लाळेच्या नमुन्यावरून मानसिक प्रकृती सांगणारे डीएनए अहवाल आपल्याकडे ऑनलाइन राजरोस विकले जातात. त्यांच्यावर एक साधी अट घाला, एवढ्यासाठी हे पत्र. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं.

नात्यातल्या एका मुलीचं लग्न जुळत असताना असा अहवाल माझ्यापुढे आला. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित जनुकाचा 'आखूड' प्रकार, शेजारी लाल चौकट: नैराश्याचा धोका अधिक. हे किती माणसांच्या अभ्यासावरून, याचा पत्ता नाही. मुलाकडच्यांनी अर्थातच चौकट तेवढी वाचली.

या जनुकाचा लौकिक 1996 मधल्या सुमारे पाचशे माणसांच्या अभ्यासापासूनचा. 2003 मध्ये न्यूझीलंडमधल्या 847 जणांच्या पाहणीनं त्याचं नाव ताणतणाव आणि नैराश्याशी जोडलं, आणि मग शोधनिबंधांचा पूर आला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी नैराश्याबाबत गाजलेली 18 जनुकं, हे जनुक धरून, तपासली. काही विश्लेषणांत चार लाखांहून जास्त माणसं होती. चिठ्ठ्या टाकून उचललेल्या जनुकांपेक्षा ही गाजलेली जनुकं काही सरस ठरली नाहीत.

निव्वळ योगायोगानं दोषी ठरण्याची शक्यता पाच टक्के ठेवणारी कसोटी लावून शंभर निरुपद्रवी जनुकं तपासा, पाचेक 'दोषी' निघणारच. ती छापून येतात, बाकीची कपाटात पडून राहतात. म्हणूनच आता अख्खा जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, चाळताना कसोटी दोन कोटींत एक इतकी कडक लावतात. तिच्यातून निघालेलं काम भक्कम आहे, हेही सांगायला हवं: 2022 मध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या 76,755 रुग्णांच्या अभ्यासातून त्या आजाराशी जोडलेल्या जीनोमवरच्या 287 जागा हाती लागल्या. पण बहुतेक जागांचा वाटा कणभर, आणि नमुने मुख्यतः युरोपीय, काही पूर्व आशियाई. त्यावरून नांदेडच्या एखाद्या पोरीचं भविष्य सांगायचं, तर मग पत्रिका काय वाईट होती?

प्रयोगशाळेला मान्यता आहे, असं विक्रेते सांगतात. असेल. त्या शिक्क्यानं डीएनएतली अक्षरं नीट वाचली एवढंच कळतं, त्यांचा लावलेला अर्थ खरा की खोटा, हे नाही.

तेव्हा मानसिक आजाराविषयीच्या प्रत्येक निष्कर्षाशेजारी, त्याच टायपात, तीन गोष्टी छापणं सक्तीचं करा: अभ्यास किती माणसांचा, ती कुठल्या वंशाची, आणि मोठ्या नमुन्यात निष्कर्ष टिकला का. ज्याला हे छापता येत नाही, त्याला विकू देऊ नका. नियमाचा मसुदा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून (आयसीएमआर) करून घेता येईल.

कळावे,
एक निवृत्त प्राध्यापक, पुणे