आरिफ मार्दिन साहेब, त्या ओरडण्याबद्दल आभार

आदरणीय मार्दिन साहेब,
सप्रेम नमस्कार.

बी जीज, म्हणजे तीन गिब भावांचा गायकगट, म्हटलं की बॅरी गिबचा उंच, हवेशीर आवाज आठवतो. तो आवाज त्याच्या गळ्यातून बाहेर आणलात तुम्ही, त्यांच्या अल्बमचे निर्माते म्हणून. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण हे आभार मानायचे राहिले होते.

१९७४ साली हे तिघे भाऊ पडत्या काळात होते. तुम्ही त्यांच्यासाठी केलेला पहिला अल्बम, ‘मिस्टर नॅचरल’, चालला नाही. तरी तुम्ही हात सोडला नाहीत. १९७५ साली मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत पुन्हा बसलात.

एका घरात वाढलेल्यांचे उच्चार सारखे असतात, ‘आ’ आणि ‘ओ’ला तोंड सारखंच उघडतं, म्हणून तीन आवाज एकजीव होतात. पण गाणंभर तसेच राहिले तर शेवट चढत नाही. ‘नाइट्स ऑन ब्रॉडवे’च्या शेवटी तुम्ही विचारलंत, मागे कुणी ओरडेल का? बॅरी ओरडला, पण सुरात. फॉल्सेटो, म्हणजे तोच उंच, हवेशीर आवाज, हाती लागला तो तिथे.

आपल्याकडे याला खोटा आवाज म्हणून नाक मुरडतात. आम्हाला ते पटत नाही. त्याला मेहनत मात्र निराळी लागते. जोर लावला की तो फुटतो. एकदाच गायला तर पातळ वाटतो, म्हणून तीच ओळ तीन-चारदा गाऊन थर चढवायचे. ‘स’ आणि ‘त’ मागेपुढे पडले की सगळं फिसकटतं. त्यावर उपाय एकच: व्यंजन एकाच थरात स्पष्ट ठेवायचं, बाकी थरांत जवळजवळ गिळायचं.

दुसरे आभार ‘जाइव्ह टॉकिन’साठी. मायामीच्या पुलावरून जाताना मोटारीच्या चाकांचा खडखडाट ऐकून त्यांना ती लय सुचली होती. ‘जाइव्ह’ म्हणजे नाच, अशी त्यांची समजूत. अमेरिकी बोलीत त्याचा अर्थ थापा मारणं, हे तुम्ही सांगितलंत आणि शब्द बदलले. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

पुढे त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने अटलांटिक या वितरक कंपनीची साथ सोडली. तुम्ही अटलांटिकचे, म्हणून १९७६च्या अल्बमला तुम्ही नव्हता. भावांनी कार्ल रिचर्डसन आणि अल्बी गॅलुटेन यांना घेऊन तो स्वतःच केला. तुमच्याशिवाय त्यांचं अडलं नाही, इतकं तुम्ही त्यांना शिकवून ठेवलं होतंत.

आपले ऋणी,
तीन सुरांत गाणारे काही जण