साहेब, डीजे काढायचा राहतोय

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

माझा चुलतभाऊ ऊसतोडीला जातो. गेल्या पितृपंधरवड्यात त्याला मुतखड्याची कळ आली. खडा नऊ मिलिमीटरचा, अडकला मूत्रवाहिनीत, आणि ती जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. महात्मा जोतीराव फुले योजनेतून (२०१७ ला नाव बदललं तरी आमच्याकडे तिला जीवनदायीच म्हणतात) फुकटात ऑपरेशन झालं. पोटाला टाका नाही. लघवीच्या वाटेने दुर्बीण वर नेली, लेसरने खडा फोडला, तिसऱ्या दिवशी घरी. आमच्या आजोबांच्या कमरेवर याच दुखण्याचा वीतभर वण होता. तेव्हा योजनेबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. आत सूज आली तरी लघवी तुंबू नये म्हणून एक मऊ नळी ठेवतात, डीजे स्टेंट. गावात डीजे म्हटलं की वरात. घरात सगळे हसले. ती काही आठवड्यांत काढायची असते. घरी सोडताना दिलेल्या कार्डावर तसं लिहिलंही होतं, इंग्रजीत, एका ओळीत. दसरा झाला, मुकादमाची उचल घेतलेली, टोळी कोल्हापूरकडे निघाली. लघवीला आग व्हायची, मधूनच लाल व्हायची. फडात पाणी कमी, ऊन जास्त, म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, मार्चमध्ये परतला तेव्हा नळीवरच खडे चढले होते. जी दहा मिनिटांत निघाली असती, तिच्यासाठी दोनदा ऑपरेशन झालं. त्याचं मूत्रपिंड वाचलं. अशात ते कायमचं निकामीही होऊ शकतं.

योजनेच्या संगणकावर रुग्णाचं नाव, मोबाइल सगळं असतं. रुग्णालयात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो. मग नळी घातली त्याच दिवशी ती काढायची तारीख नोंदवणं सक्तीचं करा. तारीख उलटली की आरोग्यमित्राने फोन करावा, मराठीत. नळी काढल्याची नोंद होईपर्यंत फाइल बंद होऊ नये. आणि माणूस कारखान्यावर असेल तर तिथल्याच जवळच्या रुग्णालयात ती फुकट काढून मिळावी. खाडा पडला की पैसे कापले जातात. नळीसाठी बीडला कोण येणार?

टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. आदेश त्याआधी निघावा.

आपला,
बीड जिल्ह्यातला एक नागरिक